पुतळाबाईचा नारळ

जूवरच्या पोरांना गाडी रोज दिसायची, पण गाडीतून जू कसं दिसतं ते त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. नायगावच्या पुढे खाडीतलं हे एवढंसं बेट, त्याला सगळे नुसतं 'जू' म्हणत. रेल्वेचा पूल बेटाच्या टोकावरून गेलेला. दिवसभर डोक्यावरून गाड्या धडधडत जायच्या, पण थांबत नसत. इथं थांबण्यासारखं काही आहे असं रेल्वेला कधी वाटलंच नाही. साठ-सत्तर घरं, दोन विहिरी, एक देऊळ आणि एक शाळा. शाळेचा पट सोळा, शिक्षक एक.

तो एक शिक्षक म्हणजे विनयाबाई. माहेर साताऱ्याकडचं, राहायला माणिकपूरला फ्लॅट, नवरा जयवंत मुंबईत नोकरीला. रोज सकाळी नायगावच्या धक्क्यावरून नथूच्या होडीनं त्या शाळेत यायच्या. चार वर्षांत एक दिवस उशीर नाही की एक दिवस दांडी नाही. बाई जीव लावून शिकवायच्या, हे त्यांचा राग करणारेसुद्धा मान्य करत. पण कागदावर त्यांचा फार भरवसा. हजेरी झाल्याशिवाय त्या प्रार्थनासुद्धा सुरू करत नसत. पावसात भिजत उभ्या असलेल्या पोरांची त्यांनी हजेरी घेतली आहे.

त्यांचा एक उपक्रम मात्र गावाला मनापासून आवडायचा. दर महिन्याच्या शेवटी पोरांची चित्रं शाळेच्या पडवीत दोरीला चिमटे लावून टांगायची. मग संध्याकाळी सगळं गाव बघायला यायचं. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हतं तेही चित्रापुढे उभे राहून नातवाला विचारायचे, हे काय, ते काय. शाळेत पाणी भरणारी पुतळाबाई तर सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहायची. ती नथूची बायको. त्यांची नात उन्नती तिसरीत होती आणि तिचा हात चित्रात चांगला चालायचा.

नव्याण्णव सालच्या डिसेंबरात बाईंनी सहल काढायची ठरवली. चर्नी रोडचं मत्स्यालय. जन्मापासून मासळीत वाढलेल्या पोरांना तिकीट काढून मासे दाखवायला नेणार, म्हणून गावानं बाईंची भरपूर थट्टा केली. पण पोरांना मत्स्यालयाशी काही देणंघेणं नव्हतंच. त्यांना गाडीत बसायचं होतं, पुलावरून जायचं होतं आणि वरून आपली शाळा बघायची होती. बाईंनी तसा शब्द दिला होता. आल्यावर सगळ्यांनी सहलीचं चित्र काढायचं, हेही तेव्हाच ठरलं.

रविवार होता, तिथी पंचमी. पंचमीचं पाणी सकाळी उतरतं आणि दहाच्या सुमाराला खाडीच्या कडेला नुसता गाळ उरतो. नथूनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं की साडेसातला होडी सुटली पाहिजे. बाई त्यासाठी पहाटेच उठून आल्या होत्या. पण सहलीचा कागद नियमाप्रमाणे झाला पाहिजे होता. त्यांनी हजेरी घेतली. मग गणवेश तपासले, मग छातीवर नावाच्या चिठ्ठ्या टाचल्या, मग परत हजेरी घेतली. नथू होडीत वल्हं धरून उभा होता. एकदाच तो म्हणाला, "बाई, पानी थांबत नाय." बाई हसल्या आणि म्हणाल्या, पाचच मिनिटं.

त्यात दोन बारकी पोरं, अजून शाळेत नाव न घातलेली, भावंडांबरोबर जायचं म्हणून रडून गोंधळ घालू लागली. बाईंना दया आली आणि त्यांनी त्यांना होडीत घेतलं. आता होडीत जागा उरली नाही. सोबत म्हणून मोठ्या माणसांतली एकटी पुतळाबाई येणार होती, ती आपणहून उतरली. उतरताना तिनं पदराखालचा नारळ बाईंच्या हातात दिला. हळदकुंकू लावलेला, शेंडी तशीच ठेवलेला. पोरं पहिल्यांदा एवढ्या लांब चालली आहेत, मध्ये खाडीत हा सोडा, एवढंच तिनं सांगितलं. होडी सुटली तेव्हा साडेआठ वाजून गेले होते.

मध्ये खाडीत बाई नारळ विसरल्या. वाया गेलेल्या वेळेचा हिशेब त्यांच्या डोक्यात चालला होता. नायगावच्या काठाला पोचेपर्यंत पाणी इतकं उतरलं होतं की होडी धक्क्याच्या अलीकडेच गाळात बसली. पोरं गुडघ्याएवढ्या चिखलातून खिदळत बाहेर आली. बाई नथूला म्हणाल्या, काका, आता तुम्ही जा घरी, संध्याकाळी या. नथू नुसता हसला आणि होडीच्या काठावर बसून त्यानं बिडी पेटवली. होडी आता दुपारच्या भरतीशिवाय हलणार नव्हती. चार वर्षं त्या होडीतून जाणाऱ्या बाईंना हे कळलं नाही, आणि शिकलेल्या बाईमाणसाला ते सांगत बसावं असं नथूला वाटलं नाही.

होडी नसली की जूची माणसं पुलावरून चालत घरी जातात. रुळाच्या कडेनं पत्र्याची अरुंद पायवाट आहे, बाजूला कठडा, आणि बेटावर उतरायला लोखंडी शिडी. गाडी आली की कठड्याला पाठ लावून उभं राहायचं. गाडीची भीती कुणाला नाही. भीती गाडीतल्या माणसांची. खाडी आली की लोक हात जोडतात आणि निर्माल्याच्या पिशव्या, नाणी, नारळ बाहेर भिरकावतात. दोन वर्षांपूर्वी शत्रुघ्नचा खांदा अशाच एका नारळानं निखळला होता. गाव गाडीतल्या माणसांना शिव्या देई. बाईंनीही हे सगळं ऐकलं होतं, हळहळ केली होती. पण त्या स्वतः त्या पुलावर कधी पाय ठेवायला गेल्या नव्हत्या.

नळावर पाय धुण्यात एक गाडी चुकली. पुढची मिळाली तेव्हा बायकांच्या डब्यात तुरळक माणसं होती. पोरं बाकांवर चढून खिडक्यांना चिकटली. स्टेशन सुटलं, पुलाचे खांब दिसायला लागले आणि बाईंच्या पिशवीतला नारळ त्यांच्या हाताला लागला. त्यांना एकदम चुकल्यासारखं झालं. पुतळाबाईनं जागा सोडली, वर एवढं एकच सांगितलं, आणि तेही आपल्याकडून झालं नाही. त्या नारळ घेऊन दाराशी गेल्या.

विघ्नेश चौथीतला, शत्रुघ्नचा मुलगा. तो म्हणाला, "बाई, पुलावर मानसं असतात."

"होडी असताना पुलावरून कोण जाईल?" बाई म्हणाल्या. "आणि आपण काय न बघता टाकणार आहोत का?"

त्या एका हातानं दांडा धरून दारात उभ्या राहिल्या. नारळ उन्नतीच्या आजीचा, म्हणून उन्नतीला जवळ घेतलं आणि तिचा हात आपल्या हाताबरोबर नारळावर ठेवला. बाकीच्यांना सांगितलं, हाताला हात लावा. घरी पूजेत लावतात तशी पोरं एकमेकांच्या दंडाला हात लावून रांगेत उभी राहिली. त्या दोन बारक्यांपर्यंत सगळी. बाईंनी बाहेर पाहिलं. खाली पाणी होतं, उन्हात चमकणारं, दुसरं काही नाही. मग त्या म्हणाल्या, डोळे मिटा. त्यांनी स्वतःही मिटले. गाडी पुढे जातच होती. नारळ सुटला.

डोळे उघडले तेव्हा जू समोर होतं. शाळेचं कौल, देवळाचा झेंडा, विहीर, सगळं काडेपेटीएवढं. पोरांनी टाळ्या वाजवून डबा डोक्यावर घेतला. त्या दिवसात एवढी मोठी गोष्ट पुढे काही घडली नाही. मत्स्यालयात पोरांनी काचेपलीकडच्या माशांना गिऱ्हाइकासारखं निरखलं आणि हा खायला कसा लागेल यावर चर्चा केली.

संध्याकाळी नायगावच्या धक्क्यावर नथू नव्हता. होडी घेऊन दुसराच माणूस आला होता आणि तो कुणाकडे बघत नव्हता. सकाळी होडी गाळात ठेवून नथू पुलावरून घरी येत असताना गाडीतून नारळ आला, कानशिलावर बसला, असं त्यानं बाईंना बाजूला घेऊन सांगितलं. मागून शत्रुघ्न येत होता, त्यानं पाहिलं. बायकांच्या डब्यातून आला. किती वाजता, असं बाईंनी विचारलं. दहाच्या आसपास, तो म्हणाला. त्या होडीत बसल्या आणि पोरं मोजायला विसरल्या.

नथू तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारला. शुद्धीवर आलाच नाही.

बाईंनी जयवंतला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. त्यानं आधी विचारलं, कुणी बघितलं का. मग म्हणाला, त्या पुलावर रोज शंभर लोक काहीतरी टाकतात, तुझाच कशावरून. बाईंना ते ऐकून क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची पुढे आयुष्यभर किळस आली. सांगून टाकावं असं त्यांना रोज वाटे. पण त्या नारळावर त्यांचा एकटीचा हात नव्हता. आजोबा गेले म्हणून पाटीवर डोकं ठेवून रडणारी आठ वर्षांची पोर समोर बसलेली असायची, आणि सांगायचं तर तिचाही हात सांगावा लागणार होता. गावात गाडीतल्या त्या बाईला लोक काय काय म्हणत होते ते पोर ऐकत होती, तीही म्हणत होती. आपला नारळ पाण्यातच गेला असं तिला आणि बाकीच्या पोरांना वाटत होतं. शेवटी बाईंनी बदलीचा अर्ज लिहिला आणि पंचायत समितीत देऊन आल्या. कुणाला काही न सांगता निघून जायचं, एवढंच त्यांना सुचलं.

महिना संपला. पोरांनी ठरल्याप्रमाणे सहलीची चित्रं काढली. बाईंनी एकेक कागद हातात घेऊन पाहिला. एक पोरगा सोडला तर मासे कुणीच काढले नव्हते. बाकी सगळ्यांनी गाडी काढली होती, गाडीचं दार, दारात निळ्या साडीतल्या बाई आणि बाईंच्या हातात नारळ. कुणी नारळ बाईंच्या डोक्याएवढा केला होता. तो एक म्हणजे विघ्नेश; त्यानं मासे काढले होते, फक्त मासे, कागदभर. सहलीपासून तो बाईंच्या डोळ्याला डोळा देत नव्हता.

चित्रं आठ दिवस कपाटात पडून राहिली. उन्नती रोज विचारी, बाई, कधी टांगणार? आजी घरातून बाहेर पडत नाही, पण माझं चित्र बघायला येईन म्हणालीय. नवव्या दिवशी बाईंनी दोरी बांधली. विघ्नेशचं चित्र आणि ज्यांत नारळ नीट ओळखू येत नव्हता अशी आणखी चार-पाच एवढीच लावावीत असा विचार त्यांच्या मनात आला, पण पोरांनी स्वतःच भराभर सगळी टांगून टाकली.

पुतळाबाई दुपारीच आली, कुणी यायच्या आत. कपाळ मोकळं, हात मोकळे. उन्नतीनं तिला ओढत आपल्या चित्रापुढे उभं केलं. चित्र सुरेख होतं. पूल होता, पाणी होतं, शाळेचं कौल होतं. दारातल्या नारळावर दोन हात होते, एक बांगड्यांचा आणि एक लहान.

"ह्या कोन?" पुतळाबाईनं विचारलं.

"बाई."

"हातात काय?"

"नारल. तू दिलेलास ना, तो. आमी पुलावरून सोरला."

पुतळाबाईनं लहान हातावर बोट ठेवलं. "आनि ह्यो हात?"

"माजा," उन्नती म्हणाली. चित्र आवडलं का, म्हणून ती आजीच्या तोंडाकडे बघत होती.

"ब्येस काडलंस," पुतळाबाई म्हणाली, आणि तिला घरी कळशी आणायला पाठवलं. पोर पळाली. पडवीत दोघीच उरल्या. मी सगळं सांगते, त्या म्हणाल्या, गावासमोर सांगते, पोलिसांत सांगते, उन्नतीचं नाव घेणार नाही.

"तिचं नाव न घेता कसं सांगाल?" पुतळाबाईनं दोरीकडे हात केला. "समद्या पोरांनी काडलंय."

बाई रडायला लागल्या. पुतळाबाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ती दोरीशी गेली, चिमटे काढले आणि एकेक चित्र उतरवून त्याची गुंडाळी केली. पोरांना सांगा वाऱ्यानं खाडीत गेली, म्हणाली. उन्नतीचं तिनं सगळ्यात शेवटी काढलं, घडी घातली आणि कमरेला खोचलं.

"बदली मागितलीत म्हनं," ती म्हणाली. "तो अर्ज मागं घ्या. तुमी गेलात तर पोर इचारील बाई का गेली. आज नाय तर मोठी झाल्यावर इचारील. तुमी जायाचं नाय. हितंच ऱ्हायाचं, तिच्यासमोर."

बाईंनी मान हलवली. माफ करा म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण पुतळाबाई पायरी उतरून गेली होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी अर्ज मागे घेतला. त्यानंतर सात वर्षं त्या जूवरच राहिल्या. उन्नती चौथी झाली आणि पलीकडच्या शाळेत जाऊ लागली, तरी राहिल्या. सहल त्यांनी पुन्हा काढली नाही.

आणि त्या सात वर्षांत पुतळाबाईचा पाण्याचा खाडा झाला नाही. रोज सकाळी ती माठ भरायची, पेला विसळायची, भरून बाईंच्या टेबलावर ठेवायची आणि दारात उभी राहायची. बाई पेला उचलून शेवटच्या घोटापर्यंत संपवायच्या, तेव्हा ती कळशी उचलून घरी जायची.