डावऱ्याशी फेरलढत

"आठवा नंबर? अहो मास्तर, जीभ तरी कशी रेटते तुमची?" सलूनवाल्याने गिऱ्हाइकाच्या गालावरचा वस्तरा उचलून हवेतच धरला. गिऱ्हाईक बिचारं अर्ध्या तोंडाला साबण फासलेलं, श्वास रोखून बसलं.

"उगाच तापू नका," मास्तर म्हणाले. चित्रकलेचे हे निवृत्त शिक्षक, पण बोट अजून फळ्यावर असल्यासारखं चालायचं. "बॉक्सिंगचे आजवरचे सगळे हेवीवेट जगज्जेते एका रांगेत उभे करा. ठोशाची ताकद म्हणाल तर आपले चॅम्पियन पहिल्या तिनात. पण पट्टा राखला तो कोणाशी लढून? निम्मे तर हातपाय गळालेले म्हातारे."

"म्हाताऱ्यांचे ठोसे काय फुलांचे असतात?"

"बरं, डावऱ्याचं काय? त्याच्याशी कसेबसे गुणांवर जिंकले आणि त्याला फेरलढत दिलीच नाही. दिली असती तर मीच त्यांना पहिल्या तिनात बसवलं असतं. नाही दिली, म्हणून आठवे!"

नवऱ्याला न्यायला आलेली वहिनी दारातच उभी होती.  ज्याच्यावरून हे भांडण जुंपलं होतं तो तिचा नवरा, म्हणजे चॅम्पियन, आरशाखालच्या खुर्चीत बसला होता. रोज संध्याकाळी तो इथे बसायचा आणि आपल्या नावाने चाललेली हमरीतुमरी ऐकून लहान मुलासारखा हसायचा. तेवढ्या वेळात वरच्या त्यांच्या खोलीत वहिनीचं शिवणाचं काम उरकायचं. आज मात्र तो हसला नाही.

"फेरलढत," चॅम्पियन म्हणाला आणि उठून उभा राहिला.

डोक्यावर बसलेल्या ठोशांनी त्याच्या आयुष्याची वर्षं एकमेकांत कालवून टाकली होती. मेलेली माणसं त्याला उद्या भेटणार असायची. मागच्या आठवड्यात तो असाच लढतीआधीचं 'वजन द्यायला' म्हणून बाहेर पडला. बस स्टँडवरच्या रखवालदाराने हात धरून अडवलं, तर त्याचा जबडाच मोडला. डॉक्टरांनी वहिनीला बजावलं होतं, "पुन्हा बाहेर सापडले तर घरी सोडता येणार नाही. कुलपाच्या वॉर्डात ठेवावं लागेल." तो वॉर्ड ती बघून आली होती. तिथे एक धिप्पाड माणूस भिंतीकडे तोंड करून पडला होता, दोन्ही हात खाटेला बांधलेले. त्या रात्रीपासून तिला धड झोप नव्हती.

ती आणि सलूनवाला मिळून त्याला कसंबसं वर घेऊन आले. दार लावून घेतलं. चॅम्पियनने पलंगाखालची बॅग ओढली आणि स्टुलावर बसून दोन्ही हात पुढे केले.

"पट्ट्या बांध. डावरा वाट बघतोय."

त्याचा उस्ताद वारल्यावर हे काम वहिनी शिकली होती. अंगठ्यातून मनगटावर, मनगटावरून बोटांच्या बेचक्यांत. पट्ट्या बांधल्या की तो निवतो, हे तिला ठाऊक होतं. आज तिने वेढ्यांवर वेढे चढवले. बोटं वाकली नाहीत म्हणजे कडी निघणार नाही. आपल्या माणसाला आपणच जखडतोय, याची तिला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

पण आज तो निवला नाही. उठला, कडीशी झटला. बोटं वळेनात तसा त्याने दाराला खांदा लावला. बिजागरी करकरली.

"अहो, नका ना! माझी शपथ आहे!"

सलूनवाल्याला राहवलं नाही. "चॅम्पियन, लढत झाली की! तुम्हीच जिंकलात! पहिला नंबर!"

खांदा थांबला. चॅम्पियनचा चेहरा उजळला. "जिंकलो? मग आता पुढचा कोण? बाहेरच उभा असेल." आणि त्याने दुप्पट जोर लावला. वरचा एक स्क्रू निखळून फरशीवर पडला.

वहिनीने सलूनवाल्याचा दंड धरला. "भाऊ, हरले म्हणून सांगा."

"काय?"

"जिंकला की पट्टा राखायला उभं राहावं लागतं. हरलेल्याला घरी जाता येतं. सांगा, हरले म्हणून."

"माझी जीभ झडेल, वहिनी. जन्मभर मी या माणसासाठी भांडलो. तुम्हीच सांगा ना."

"मला सोसवत नाही म्हणून मी एकही लढत बघितली नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे. तुम्ही सगळ्या बघितल्यात. तुमचंच ऐकतील."

"आणि उद्या विसरले तर?"

"तर उद्या पुन्हा सांगा," वहिनी म्हणाली.  "पाया पडते तुमच्या."

सलूनवाल्याने दोन्ही हात सदऱ्याला पुसले.  "चॅम्पियन... तुम्ही हरलात."

चॅम्पियनने मान वळवली. "कोण म्हणतं?"

"मी. मी तिथेच होतो."

"पडलो?"

"नाही, नाही! शेवटच्या घंटेपर्यंत उभे होतात. गुणांवर गेली."

 मग तो मोठा खांदा हळूहळू दारावरून खाली आला.

"मला वाटलंच होतं," चॅम्पियन म्हणाला. "माझ्यापेक्षा चांगला होता तो. म्हणून तर टाळत होतो. भीती वाटायची मला त्याची."

 इतक्या वर्षांत सलूनवाल्याने इतक्या लोकांशी घातलेला वाद असा एका वाक्यात संपला होता, आणि संपवणारा स्वतः चॅम्पियनच होता.

"कुठाय तो?" चॅम्पियन पुन्हा दाराकडे वळला. हरलेल्याने आपल्या पायांनी जाऊन जिंकणाऱ्याचा हात वर उचलायचा, ही त्यांच्यातली रीतच.  वहिनी मधे शिरून दाराला पाठ लावून उभी राहिली.

"इथे आहे," सलूनवाला म्हणाला आणि दोन पावलं पुढे आला. "मीच तो."

चॅम्पियनने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. बुटका, काटकुळा माणूस, मनगटावर वाळलेला साबण. काय दिसलं असेल कोणास ठाऊक. पण त्याने मान लववली. बोटं वळत नव्हती म्हणून दोन्ही बांधलेल्या पंजांमध्ये सलूनवाल्याचं डावं मनगट धरलं आणि हात उंच वर उचलला. सलूनवाल्याच्या टाचा जमिनीवरून सुटल्या. तो मान खाली घालून रडत होता.

चॅम्पियनने त्याला चारही भिंतींकडे वळवून दाखवलं. मग तो थांबला. एवढ्या मोठ्या लढतीनंतर सगळे गप्प का, हे त्याला कळेना. तो वहिनीकडे बघू लागला.

तिने दाराला टेकलेली पाठ हलवली नाही. तशीच उभी राहून ती टाळ्या वाजवू लागली.