नथीमागचे डोळे

विसाजी, त्यांचे पुत्र दामोदर, दामोदरांचा श्रीनिवास आणि श्रीनिवासची मृणाली, असा आमच्या श्रीवर्धनच्या फोटो स्टुडिओचा वंशक्रम. पतीचे नाव मी मुखाने घेत नाही. येथे लिहिले, कारण प्रश्न त्यांनी दिलेल्या शब्दाचा होता.

“मान स्थिर ठेवा, आजी,” माझी नात मृणाली म्हणाली.

“ठेवलीय गो. तुजं यंत्रच हलतंय,” कृष्णाबाईने उलट उत्तर दिले.

कृष्णाबाई कोळीवाड्यातली, माझ्याच वयाची. तिच्या लग्नात ह्यांनी काढलेल्या फोटोत मुंडावळ्यांचा मणी न् मणी स्पष्ट आला होता. त्यामागचा नवरीचा चेहरा मात्र धुरकट. “तुझा चेहरा मी देईन,” असा शब्द ह्यांनी दिला. पण ती रुसली, पुन्हा स्टुडिओची पायरी चढली नाही, आणि पुढे हे गेले. आता कृष्णाबाईच्या नातीला नव्या घरासाठी तिचा भिंतभर फोटो हवा होता. मृणाली स्वतः जाऊन तिला घेऊन आली. “एक डाव बसन. चुकलीस तर पुना येनार न्हाय,” असे तिने घरातूनच बजावले होते.

मृणालीने नव्या कॅमेऱ्यावर आजोबांची जुनी लेन्स चढवली होती. तिची रिंग हातानेच फिरवावी लागते. कॅमेरा मदत करतो ती एवढीच: जे स्पष्ट असेल, त्याच्या कडा पडद्यावर लाल दाखवतो. पडद्यावर चेहऱ्याशी लाल कडा उमटल्या आणि तिने बटण दाबले.

संगणकावर फोटो मोठा केला, तेव्हा नथीच्या मोत्यांमधली तारसुद्धा दिसली. डोळे मात्र पुसट होते. लाल खूण चकाकत्या मोत्यांकडे धावली होती. लहान प्रतीत हे कुणाच्या लक्षात आले नसते. पण पापणीचा केस सुटा दाखवणारा हा कॅमेरा चूकही झाकत नाही.

“तुज्या आज्यानं मुंडावल्या काढल्या, तू नथ काढलीस,” कृष्णाबाई उठू लागली. “माजं डोलं काय तुजी पोर काढनार?”

मृणालीचा चेहरा उतरला. “आजी, नथ काढून ठेवता का?”

“नवऱ्यानं घातलेली हाय. न्हाय काढायची.”

“बस, कृष्णे,” मी म्हणाले. “डाव अजून संपलेला नाही. आणि मृणाली, रडायचे असेल तर नंतर रड.”

“वहिनी, तुमचा आवाज हाय का बोटीचा भोंगा?” पण ती बसली.

मृणालीने लाल खूण बंद केली. पडद्यावर फक्त कृष्णाबाईचा एक डोळा मोठा करून घेतला आणि रिंग तिळातिळाने फिरवू लागली. पापण्या स्पष्ट होत, विरत, पुन्हा स्पष्ट होत. हात थांबला, तरी त्या येतच-जातच राहिल्या. चूक रिंगेची नव्हतीच. जन्मभर होडीत बसलेली ती बाई खुर्चीतही किंचित पुढे-मागे झुलत होती.

“आजी, मान स्थिर नको,” मृणाली म्हणाली. “बोला. आज बंदरावर म्हावरं काय आलं?”

“काय येतंय! बोंबील, ते पन काडीसारखे सुकलेले...”

मृणालीने रिंगेवरचा हात काढून घेतला. कृष्णाबाई बोलत राहिली, झुलत राहिली. तिचा डोळा आपणहून स्पष्ट होईतो पोर श्वास रोखून थांबली, आणि मग तिने बटण दाबले.

या वेळी नथ पुसट होती. पापण्या सुट्या होत्या, आणि बुबुळाभोवती म्हातारपणाचे निळसर वलय दिसत होते.

कृष्णाबाईने संगणकाजवळ वाकून आपले डोळे पाहिले. मग पदर सावरून म्हणाली, “वहिनी, तुमच्या मालकांचा शब्द फिटला. समदा फिटला.”

गल्ल्यावरच्या माझ्या खुर्चीवरून मी उठले आणि तिला तेथे बसवले.