शिवण खांबांकडे

“परत लाव,” विझ म्हणाला.

ट्रँटरने रिमोट मांडीखाली सरकवला. “किती वेळा बघशील? हरलो ते हरलोच. पडद्यावर काही जिंकणार नाहीये आपण.”

“लाव म्हणतो ना. हळू लाव.”

अमेरिकन फुटबॉल क्लबच्या त्या अंधाऱ्या खोलीत दोघेच होते. सोमवार होता, बाकीचे मालिशवाल्याकडे नाहीतर घरी. रविवारचा सामना एका गुणाने गेला होता. शेवटच्या क्षणी किकर नाचोने मारलेली किक डाव्या खांबाच्या बाहेरून गेली, आणि सकाळपासून गावातला प्रत्येक रेडिओ नाचोलाच चघळत होता. विझचं नाव कोणी घेतलं नव्हतं. कोणी घेतही नसे. गॅरेट विझ्नेव्हस्की हे नाव लांबलचक होतंच, पण ते उच्चारायची वेळच कधी आली नव्हती. बायकोची आई अजून दर थँक्सगिव्हिंगला विचारायची, जावई मैदानावर नेमका करतो काय, आणि सासरा टर्कीवरची नजर न हलवता सांगायचा, वाकतो.

म्हातारा खोटं बोलत नव्हता. वाकायचं, स्वतःच्याच पायांमधून जग उलटं बघायचं आणि तो लांबट चेंडू मागे फेकायचा. मागे गुडघ्यावर बसलेला ट्रँटर तो झेलून जमिनीवर उभा धरतो, आणि धावत आलेला नाचो त्याला लाथ घालतो. पापणी लवते न लवते तोवर सगळं उरकतं. पण त्या तेवढ्यात चेंडू असा फिरत जायला हवा, की ट्रँटरच्या हातात पडताना त्याची शिवण नेहमी एकाच जागी असेल. मग उभा केला की ती आपोआप खांबांकडे तोंड करते. शिवणीवर पाय बसला तर चेंडू कुठे जाईल ते देव जाणे. आणि चेंडू सुटला म्हणून तो मागे फेकणाऱ्या स्नॅपरची सुटका नाही. मान वर काढतो न काढतो तोच रेड्यासारखा गडी अंगावर येतो, त्याला थोपवायचं. ट्रँटरला पंट, म्हणजे हातातला चेंडू सोडून लाथेने लांब उडवायचा असला तर आणखीच मजा. चेंडू लांब मागे फेकायचा, धक्का खायचा, उठायचं आणि अख्खं मैदान धावत जाऊन पलीकडे तो झेलणाऱ्या गड्याला लोळवायचं. अडतिसाव्या वर्षीही विझ त्या धावण्यात पहिल्या दोघांत असे. त्याच्या मांड्या बघून पोरं त्याला ओंडका म्हणत, आणि त्याला ते आवडायचं.

पडद्यावर चेंडू हळूहळू मागे गेला. ट्रँटरने झेलला, टेकवला. शिवण नाचोकडे होती. ट्रँटरची बोटं ती फिरवायला धडपडली, अर्ध्यातच राहिली, आणि नाचोचा पाय आला.

“थांबव,” विझ म्हणाला. तो खुर्चीतून उठला होता. “हे असं कधीपासून फिरवतोयस?”

“सोड ना, म्हाताऱ्या.”

“कधीपासून?”

ट्रँटरने डोकं खाजवलं. “हॅलोविनच्या आसपास. आधी थोडंसं होतं, मी सावरून घ्यायचो. त्यात काय एवढं? तू दहा वर्षं माझ्या हातात आणून ठेवलास चेंडू. मी जरा बोटं हलवली तर माझं काय झिजलं?”

“मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू विचार करायला लागला असतास. आणि विचार करणारा स्नॅपर कुणाला हवाय?”

विझने उजवा हात पँटच्या खिशात घातला. उन्हाळ्यातल्या सराव सामन्यात मानेवर एक दणका बसला होता. तेव्हापासून अंगठा आणि शेजारची दोन बोटं मधूनच दुसऱ्या कुणाची तरी वाटायची. त्याने ते डॉक्टरला सांगितलं नव्हतं. होईल आपोआप बरं, अशी स्वतःची समजूत घातली होती.

“नाचोला माहीत आहे?” त्याने विचारलं.

“पाय त्याचाच होता. त्याला कळणार नाही तर कुणाला?”

आणि तरी सामन्यानंतर नाचो कॅमेऱ्यांसमोर उभा राहून म्हणाला होता, चूक माझी. किकर लोकांत तशीच रीत असते. चेंडू वाकडा आला, धरणारा घसरला, वारा फिरला, काहीही होवो, बाहेर सांगताना चूक माझी. विझला ती रीत चांगली ठाऊक होती. आत्तापर्यंत तिचा फायदा आपल्याला कधी घ्यावा लागला नाही, याचा त्याला केवढा तोरा होता.

घरी आल्यावर त्याला बसवेना. स्वयंपाकघरात गेला, फ्रिज उघडला, नाचोच्या बायकोने ख्रिसमसचे म्हणून आदल्या आठवड्यात पाठवलेले मक्याच्या पिठाचे तमाले समोरच होते, फ्रिज बंद केला. मग कपड्यांच्या ढिगातले टॉवेल गुंडाळून, वाकून, पायांमधून बोळाच्या टोकाच्या टोपलीत फेकू लागला.

“बस रे जरा,” त्याची बायको ॲनेट म्हणाली. “घडी घातलेले आहेत ते.”

“होते.”

“आता तूच घालशील पुन्हा.” ती दाराला टेकून त्याच्याकडे बघत राहिली. “हाताचं कुणाला सांगितलंस का?”

विझ वाकलेलाच राहिला. बायको त्याला उलटी दिसत होती. “कसला हात?”

“चर्चला जाताना शर्टाची वरची गुंडी मी लावते आजकाल. तुला काय वाटलं, मी रोमँटिक झालेय?”

तो सरळ झाला आणि टॉवेल टाकून दिला. तेवढ्यात फोन वाजला. किक मारणाऱ्या विशेष पथकाचा कोच डेव्हलिन, त्याचा निरोप होता. उद्या तिघा किकरांची चाचणी, तू आणि ट्रँटर सकाळी या.

दर मंगळवारी क्लबात बाहेरची माणसं अशी तपासायला येतात. किकर बदलायचा असला की नव्यांसाठी चेंडू फेकायचा तो जुन्याच स्नॅपरने. विझने हे पूर्वीही केलं होतं, आणि रात्री त्याच जुन्या किकरबरोबर बिअरही प्यायला होता. धंदा आहे, असं दोघंही म्हणाले होते.

“नाचोला काढणार?” ॲनेटने विचारलं.

“बघतायत.”

“मग तू बोलणार आहेस की नाही?”

“बोललो तर मी संपलो, ॲनेट. या वयात स्नॅपरला दुसरा फोन येत नाही. शाळेपासून मी हेच केलं. मला दुसरं काही येत नाही.”

त्याने टॉवेलच्या घड्या घातल्या, चुकीच्या घातल्या, आणि परत उलगडल्या.

मंगळवारी बाहेर बर्फ होतं म्हणून चाचणी आतल्या मैदानावर ठेवली होती. विझ तासभर आधीच आला आणि हात गरम पाण्यात धरून उभा राहिला. पहिला किकर आला. पहिले चेंडू सुरीसारखे गेले. ट्रँटरच्या हातात बसल्याचा तो ओळखीचा चपकन आवाज आला आणि विझचा जीव भांड्यात पडला. म्हटलं, उगाच घाबरलो. मग हाताचा अंगठा नाहीसा झाला. चेंडू गेला, पण कसा फिरत गेला ते त्याला कळलंच नाही. पायांमधून त्याने बघितलं तर ट्रँटरची बोटं धडपडत होती. किक उजवीकडे बाहेर. पुढची खांबाला लागून परत आली.

डेव्हलिनने तोंड वाकडं केलं. “पुढचा.”

दुसऱ्याचंही तेच. नीट गेले तेवढे गेले, पण लांबून मारायच्या किकच्या वेळी शिवण फिरली. डेव्हलिन हातातल्या कागदाकडे बघत पुटपुटला, “याच्यापेक्षा आपला नाचो परवडला.”

ते ऐकलं आणि विझच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. काही बोलायलाच नको होतं. असंच चालू दिलं तर तिघंही नापास होतील, नाचो राहील, आपणही राहू. ट्रँटर आणखी चपळाईने फिरवेल. सगळेच वाचतील. त्याने मागे पाहिलं. ट्रँटरच्याही ते लक्षात आलं होतं. त्याने फक्त खांदे उडवले, तुझं तू ठरव म्हणून.

तिसरा किकर वयाने तिशीपलीकडचा, शाळेत कवायत शिकवणारा, सुट्टी काढून रात्रभर गाडी चालवत आलेला. केस ओले करून चापून बसवले होते. चार मारल्या, चारही मधून. मग डेव्हलिनने चेंडू मागे नेला, थेट रविवारच्या किकच्या अंतरावर. विझ वाकला. बोटं चेंडूवर होती, पण चेंडू बोटांत नव्हता. त्याने फेकला.

किक डावीकडे गेली. अगदी रविवारसारखी.

मास्तर क्षणभर खांबांकडे बघत उभा राहिला. मग डेव्हलिनकडे वळून म्हणाला, “माफ करा, कोच. चूक माझी.”

विझ अजून वाकलेलाच होता. तो उठला आणि डेव्हलिनकडे चालत गेला.

“त्याची नव्हती,” तो म्हणाला. “शिवण पायाकडे होती. आधीच्या दोघांच्या वेळीही होती.”

“काय बोलतोयस?”

“रविवारीही होती. नाचोच्या पायावर मीच शिवण दिली. माझी बोटं बधिर होतात, कोच. उन्हाळ्यापासून. ट्रँटर सावरत होता.”

डेव्हलिनने ट्रँटरकडे पाहिलं. ट्रँटर जमिनीवरचं काहीतरी उचलत होता. तिथे काहीच पडलेलं नव्हतं.

“उन्हाळ्यापासून,” डेव्हलिन म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. “आणि हे तू मला आज सांगतोयस? वर काय सांगू मी?”

“खरं ते सांगा.”

“तू डॉक्टरकडे जा. आत्ता.” मग जरा थांबून, “बरं केलंस असं मी म्हणणार नाही. अख्खा सीझन गेलाय माझा.”

“म्हणू नका,” विझ म्हणाला. “याला मात्र परत एक मारू द्या. माझ्यामुळे चुकली.”

“आणि फेकणार कोण?”

“ट्रँटर नुसता उभा करून देईल. मी फेकत नाही.”

मास्तरला दोघांचं काय चाललंय ते समजत नव्हतं. त्याने मारली, मधून गेली. त्याने विझशी हात मिळवला, तेव्हा विझने डावा हात पुढे केला.

बुधवारी नाचो घरी आला. दारातच उभा राहिला, आत येईना. “तुला कुणी विचारलं होतं का?” तो म्हणाला. “मी सांभाळून घेतलं होतं ना? गाढवा, मी तुझ्यासाठी गप्प होतो.”

“म्हणूनच.”

“आता त्यांनी तुझ्या जागी आणलंय कुणाला तरी. छपरं शाकारायचा म्हणे आतापर्यंत.”

“कसा फेकतो?”

“चांगला,” नाचो म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. मग ॲनेटने दोघांनाही आत ओढून तेच तमाले गरम करून घातले. त्यांची चव अजून चांगली होती.

रविवारी विझ दिवाणखान्यात टीव्हीसमोर उभा होता. मानेला पट्टा होता, ऑपरेशनची तारीख मिळाली होती, क्लबमधलं कपाट रिकामं करून आणलेली पेटी जिन्याखाली पडली होती. ॲनेट सोफ्यावर होती. ती त्याला तीनदा बस म्हणाली आणि मग तिने नाद सोडला. सामना हातघाईवर आला होता. शेवटच्या क्षणाला नाचो मैदानात उतरला, स्टेडियमभर शिट्ट्या आणि शिव्या. आपलेच लोक.

नवा माणूस वाकला. सोफ्यामागे विझही नकळत गुडघ्यांत वाकला.

चेंडू गेला, टेकला, किक झाली. खांबांच्या बरोबर मधून. ॲनेटने उशी छताकडे उडवली. टीव्हीवरचा माणूस नाचोचं नाव घेऊन ओरडत होता. त्याने ती किक पुन्हा दाखवली, आणि पुन्हा. ट्रँटरच्या शांत हातांचं कौतुक केलं, वाऱ्याबद्दल बोलला, नाचोच्या आईबद्दल बोलला. विझ श्वास रोखून ऐकत होता. मग जाहिराती लागल्या.

नव्या माणसाचं नाव कोणी घेतलं नव्हतं.

“छान फेकला,” विझ म्हणाला, आणि बायकोशेजारी सोफ्यावर बसला.