निर्दोष गाडी

संजूच्या घरी नवी गाडी आली आणि आमचं गाडीतलं बोलणं बंद झालं. भांडण वगैरे काही नाही. मागच्या दारातून कुरकुर आवाज येतो, तो नेमका कुठून येतो हे त्याला ऐकायचं असायचं, म्हणून सगळ्यांनी गप्प बसायचं. गेवराई ते बीड आम्ही तोंडाला कुलूप लावून जायचो. मला तो आवाज कधीच ऐकू आला नाही. तसं म्हटलं की माझा हा धाकटा भाऊ माझ्याकडे असा बघायचा, जणू मी कंपनीला फितूर झालेय.

गाडी परदेशी, भारीतली. तालुक्यात आमच्या समाजात अशी पहिलीच. सोलर पंपांच्या धंद्यात रक्त आटवून संजूने ती घेतली, आणि घेतल्यापासून त्याला झोप नाही. बॉनेटची फट एका बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी जास्त. सीटच्या शिवणीतला एक दोरा सैल. स्टिअरिंग केसभर डावीकडे. संभाजीनगरच्या शोरूममधली ऋतुजा मॅडम तर त्याचा फोन दिसला की कपाळाला हात लावत असेल.

"अरे, एवढ्यानं काय बिघडतंय?" मी एकदा म्हटलं.

"आक्का, त्यांच्या गाडीला ओरखडा चालतो. आपल्या गाडीत लोक आधी खोट बघतेत," तो म्हणाला. "मला मुद्दाम डागी पीस दिलाय."

"का बाबा? सातासमुद्रापलीकडं तुझी जात कळली व्हय त्यांना?"

तो हसला नाही. "शोरूमात आडनाव कळतं ना."

शाळेत फाटकी पुस्तकं कुणाच्या वाट्याला यायची, रेशनचं तळातलं धान्य कुणाच्या पिशवीत पडायचं, ते मीही पाहिलेलं आहे.

आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, गाडीतलं काहीच खटकत नव्हतं. त्यांना फक्त एकदा त्या गाडीतून गावी जायचं होतं. चकलांब्याच्या अलीकडे आमचं छोटं गाव आहे. तिथल्या पाटील गल्लीतून जाताना आबांचे वडील वहाणा काढून काखेत मारायचे आणि गल्ली संपली की पुन्हा पायात घालायचे. आबांनी लहानपणी हे डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढे ते उमापूरच्या पोस्टात लागले, पहिल्या पगारात त्यांनी बूट घेतले आणि टाचा वाजवत त्याच गल्लीतून गेले. दारोदार पत्रं दिली, पण कुणाचा उंबरा ओलांडला नाही. कुणी या म्हटलं नाही आणि ते थांबले नाहीत. तेव्हापासून आबा बुटाशिवाय घराबाहेर पडलेले मी पाहिले नाहीत. मोजे नसले तरी चालतील, पण बूट पाहिजेत, आणि पॉलिश स्वतःच्याच हातानं.

"त्या गल्लीत गाडीतून बूट घालून उतरायचं," आबा म्हणायचे. "बास. मग मला काय बी नको."

"जाऊ की आबा. आधी गाडी निर्दोष होऊ द्या," संजूचं ठरलेलं उत्तर. "कुरकुरत्या गाडीत त्या गल्लीत न्हाई जायचं."

आबा मान डोलवायचे. असे कितीतरी महिने गेले.

मधे एकदा अवकाळी पाऊस झाला आणि आबा रानातून तसेच गाडीत बसले. काळ्या मातीनं माखलेले बूट, खाली दुधाच्या सायीच्या रंगाची मॅट. घरी आल्यावर संजू आबांना एका शब्दानं बोलला नाही. गुडघ्यावर बसला, डागाचा फोटो काढला आणि ऋतुजा मॅडमला फोन लावून विचारलं, हा कशानं जाईल? आबा शेजारीच उभे होते.

पुढच्या वेळेपासून आबा गाडीच्या दारात बूट काढायला लागले. काढायचे, कापडी पिशवीत घालायचे आणि पिशवी मांडीवर घेऊन बसायचे.

"आबा, हे काय नवीन?"

"आसू दी. त्याची गाडी हाय."

संजूला ते दिसत होतं. "आबा, घाला बूट" एवढं तो म्हणाला असता तरी पुरे होतं. नाही म्हणाला. याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

बुद्ध पौर्णिमेच्या आदल्या दिवशी गाडी सर्व्हिसिंगहून परत आली. दारातला आवाज गेला होता. संजूनं स्वतःच सांगितलं, "आबा, उद्या गावाला." सकाळी मी पोचले तर आबा पांढऱ्या शर्टात फाटकापाशी उभे. बूट असे चमकत होते की त्यात तोंड दिसावं. मी पलीकडून आत बसले. संजूनं आबांना हाताला धरून बसवलं, मग वाकून दाराच्या रबरावरून बोट फिरवलं, दार नीट लागतंय का ते दोनदा पाहिलं. आम्ही निघालो.

त्या दिवशी बोलायला परवानगी होती. आबा अखंड बोलत होते. या लिंबाखाली सायकल पंक्चर झालती, या पुलावर मनीऑर्डरीची पिशवी भिजता भिजता वाचली. संजू हसत होता. इतकं मोकळं हसताना मी त्याला कधी पाहिलं होतं, आठवत नाही.

गल्लीत गाडी थांबली. पोरं जमली. पाटलांचा नातू सुरज घरातून पळतच आला आणि त्यानं आबांच्या बाजूचं दार उघडलं.

"काका, या की! आत या, च्या घ्या. आज्जा तुमचं नाव लई काढायचा."

आबांनी हात शेजारी फिरवला. मग खाली चाचपलं. मग माझ्याकडे पाहिलं. मीही खाली पाहिलं. पिशवी नव्हती, बूट नव्हते. सायीच्या रंगाच्या मॅटवर आबांचे दोन अनवाणी पाय होते.

"पाय दुखतेत रे बाळा," आबा म्हणाले. "पुन्यांदा येईन."

सुरज मनानं चांगला. त्यानं चहा गाडीपाशी आणून दिला. आबांनी तो उंबऱ्याच्या बाहेरच प्यायला, त्यांचे वडील प्यायचे तसाच.

संजूनं तेव्हा मागं वळून पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. खाली वाकून तो स्वतःचे बूट काढायला लागला, पण आबांनी मान हलवून नको म्हटलं.

परतीच्या वाटेवर कुणीच बोललं नाही. मी कान देऊन ऐकलं. कुठे कसलाही आवाज येत नव्हता.

बूट फाटकापाशीच होते, जोडीनं ठेवलेले, वर रिकामी पिशवी. संजू धावत गेला, बूट उचलून आणले आणि गाडीच्या दारात गुडघ्यावर बसला.

"आबा, पाय पुढं करा."

आबांनी बूट त्याच्या हातातून काढून घेतले.

"माझा बाप निदान काखेत तरी घेऊन जायचा रे," ते म्हणाले. "मी घरीच ठिवून गेलतो."

ते बूट काखेत मारून तापलेल्या फरशीवरून अनवाणी आत गेले. संजू तिथेच गुडघ्यावर बसून राहिला. मला रडू आवरत नव्हतं, पण त्याला उठवायला मी गेले नाही.