राऊटरचं माप

घरात त्याला शास्त्रज्ञ म्हणत. नऊ वर्षांचा असताना त्याने दारावरची बेल उघडली होती आणि पुन्हा बंद केली होती. तेव्हापासून बाहेरून कोणी बटण दाबलं की बेल वाजत नसे, स्वयंपाकघरातला दिवा लागत असे. दुसऱ्या घरात पोराच्या कानाखाली बसली असती. ह्या घरातले लोक पाहुणे यायच्या वेळी स्वयंपाकघरात बसायला लागले आणि पोराला पदवी मिळाली. पुढे तो चष्म्याच्या दुकानात लागला. आता सत्तावीस वर्षांचा होता आणि दिवसभर लोकांना ‘आता स्पष्ट दिसतंय का’ असं विचारायचा, पण पदवी कोणी परत घेतली नव्हती.

त्यामुळे शुक्रवारी अकरा वाजता घरातल्या दोन कॉम्प्युटरना एकाच वेळी इंटरनेट लागणार, हे कळल्यावर कोणीही ‘माणूस बोलवू या’ म्हटलं नाही. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

तोवर घराची पद्धत साधी होती. भिंतीतून आलेली लाइन एका डबीत शिरायची आणि डबीतून निघालेली एकुलती एक वायर बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला जायची. ज्याला इंटरनेट हवं त्याने त्या खुर्चीत बसायचं. मोबाइलचं म्हणाल तर घरात रेंज येत नसे. गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहिलं तर यायची, तीही तोंड पश्चिमेला असेल तर.

पण शुक्रवारी अकराला ताईची मुलाखत होती. ताई सहा वर्षं वाचनालयात हंगामी होती. इतकी हंगामी, की तिच्या टेबलाच्या खणाला अजून मूठ बसवलेली नव्हती. आता एक कायमची जागा निघाली होती. मुख्य कार्यालयातले चौघे पडद्यावरून प्रश्न विचारणार होते. ही जागा गेली तर महिनाअखेरीस हंगामही संपत होता. आणि शुक्रवारी अकरालाच बाबांना एका बँडमास्तरशी बोलायचं होतं. बाबा शिंपी. बँडच्या बत्तीस वादकांचे कोट शिवायचे, मास्तर एकेकाला कॅमेऱ्यापुढे उभं करणार, बाबा बघून कापडाचा अंदाज देणार आणि बाराला बँड परगावी निघणार. एवढं मोठं काम बाबांकडे गेल्या आठ वर्षांत आलं नव्हतं. दोघांनीही वेळ बदलून मागितली होती. दोन्हीकडून अतिशय नम्रपणे नाही आलं.

शास्त्रज्ञाने बुधवारी राऊटर आणला. बाबांनी खोका उघडल्या उघडल्या गळ्यातली टेप काढून त्याचं माप घेतलं. त्याने विचारलं, हे कशाला? बाबा म्हणाले, कव्हर नको का, उघडाच बसणार का हा दिवसभर. मग त्यांनी मापांच्या वहीत नवं पान काढून वर ‘राऊटर’ लिहिलं आणि खाली लांबी, रुंदी, उंची. ‘छाती’च्या पुढे रेघ मारली.

गुरुवारी संध्याकाळी त्याने सगळं जोडलं. भिंतीकडची लाइन राऊटरच्या निळ्या भोकात. शेजारी चार पिवळी भोकं होती. पहिल्यातून बाहेरच्या कॉम्प्युटरला वायर गेली. दुसऱ्यातून वीस मीटरची लांब वायर भिंतीच्या कडेने आतल्या खोलीत ताईकडे. तिसऱ्यात त्याने राऊटरसोबत आलेली हातभर वायर लावून तिचं दुसरं टोक आपल्या जुन्या लॅपटॉपला जोडलं, कंपनीने चिठ्ठीवर लिहून दिलेलं लाइनचं नाव आणि पासवर्ड भरला आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा इंटरनेट चालू होतं. दोन्ही खोल्यांत. ताईने आतून आणि बाबांनी बाहेरून एकाच वेळी हवामान पाहिलं, दोघांनाही सारखंच दिसलं. चिठ्ठी बाबांनी वहीत राऊटरच्या पानाला टाचणीने लावून ठेवली. लॅपटॉप त्याने काढून घेतला. हातभर वायर तिथेच राहिली, लागलीच तर असावी म्हणून, टेबलाच्या कडेवरून एक टोक खाली सोडून.

आई बस चालवायची. शुक्रवारी पहाटेच्या पाळीला निघताना ती एवढंच म्हणाली, की मी दोनला येते, तोवर चालू आहे त्याला कोणी हात लावायचा नाही.

नऊ वाजता सगळं चालू होतं. सव्वानऊला चालू होतं. साडेनऊलाही त्याने पाहिलं. पावणेदहाला ताई म्हणाली की आता तू बघणं बंद कर, बघून झिजेल ते. म्हणून तो आंघोळीला गेला. बाहेर आला तेव्हा राऊटरवरचे सगळे दिवे एकदम लुकलुकत होते. एका तालात, भराभरा, बँडची तालीम असावी तसे.

इंटरनेट कुठेच नव्हतं.

आपण काय बदललं हे आठवायचा त्याने प्रयत्न केला. काहीच नाही, फक्त आंघोळ केली. त्याने राऊटर बंद करून चालू केला. दिवे क्षणभर शहाण्यासारखे एकेक लागले, आणि पुन्हा तेच. तो गच्चीवर पळाला, टाकीला पाठ लावली, पश्चिमेला तोंड केलं आणि कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. सहा मिनिटं सनई ऐकल्यावर एका बाईंनी विचारलं, दिवे लागलेत का. तो म्हणाला, सगळे. त्या म्हणाल्या, मग उत्तम आहे, आणखी काही मदत करू का.

खाली आला तेव्हा दहा पस्तीस झाले होते. राऊटरच्या मागे एक टाचणीएवढं भोक असतं. ते दाबून धरलं की यंत्र सगळं विसरून जन्मल्या दिवसासारखं होतं. त्याने बाबांकडे टाचणी मागितली. बाबांनी हाताला लागेल ती काढून दिली. त्याने भोक दाबलं. राऊटर सगळं विसरला, लुकलुकणं सोडून. आता तर सेटिंगचं पानही उघडेना.

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. ताई खुर्चीत ताठ बसली होती. बाबांनी तिच्यासाठी करड्या कापडाचा कोट शिवला होता आणि त्याच कापडाची पँटही. पँट दिसणार नाही असं तिने सांगून पाहिलं होतं. बाबा म्हणाले होते, न दिसणारं काम वाईट केलं की ते चेहऱ्यावर दिसतं. त्यांचा स्वभावच तसा. बसमध्ये अनोळखी माणसाच्या बाहीचा सुटलेला दोराही ते न विचारता तोडायचे, त्यावरून दोनदा भांडणं झाली होती.

पावणेअकराला ताई दारात आली.

“होणार आहे का नाही, एवढंच सांग. नसेल होणार तर जुनी वायर परत लाव, मी बाहेर बसते.”

बाबा आधीच खुर्चीतून उठले होते. त्यांनी केस विंचरले होते, मास्तरला दाखवायचे कापडाचे नमुने मांडीवर घेऊन बसले होते, ते आता त्यांनी बाजूला ठेवले.

“लाव रे,” ते म्हणाले. “बसू दे तिला. बत्तीस कोट काय, पुन्हा येतील.”

बत्तीस कोट पुन्हा येणार नव्हते. हे बाबांना माहीत होतं, ताईला माहीत होतं, आणि सगळ्यात जास्त शास्त्रज्ञाला माहीत होतं, कारण त्या जुन्या वायरीचं टोक आता त्याच्या हातात होतं. सरळ काम होतं. राऊटर काढायचा, जुनी वायर लावायची, बाबांनी बँडमास्तरला नाही म्हणायचं. आयुष्यभर जेवताना कोणी बँडचा विषय काढला की सगळ्यांनी ताटाकडे बघायचं.

“होणार,” तो म्हणाला.

ताईने त्याच्याकडे दोन सेकंद पाहिलं. “ठीक. मग मी पुन्हा विचारत नाही,” म्हणाली, आत गेली, बसली आणि पदर नसलेल्या कोटाचा पदर सावरला.

आपण काय बोलून बसलो हे त्याला दहा सेकंदांनी कळलं. दुकानात एखादं गिऱ्हाईक सगळ्याच ओळी चुकीच्या वाचायला लागलं की तो त्याला शांतपणे सांगायचा, एक डोळा झाका आणि वरपासून एकेक अक्षर वाचा. दुसरं काहीच येत नव्हतं म्हणून त्याने स्वतःचा एक डोळा झाकला आणि वाचायला सुरुवात केली. निळं भोक, लाइन. पहिलं पिवळं, बाहेरचा कॉम्प्युटर. दुसरं, ताई. तिसरं, हातभर वायर. चौथं, वायर.

त्याने दुसरा डोळा झाकून पाहिलं. पिवळी भोकं चारही भरलेली होती. पिवळ्या भोकांत लावलेल्या वायरी तीन होत्या.

“बाबा, ही छोटी वायर.”

“हां, ती. लोंबत होती,” बाबा म्हणाले. “शेजारी भोक रिकामं होतं, खोचली.”

“कधी?”

“तू आंघोळीला गेलास तेव्हा. का रे?”

झालं होतं असं, की राऊटर तिसऱ्या दारातून निरोप बाहेर पाठवायचा, तो चौथ्या दारातून आत यायचा, राऊटरला वाटायचं नवीन निरोप आला, तो पुन्हा सगळ्यांना सांगायला निघायचा. सेकंदाला हजारो वेळा. जगाशी बोलायला त्याला फुरसतच नव्हती.

त्याने चौथ्या भोकातलं टोक उपटलं. दिवे गप्प झाले. मग एकेक करून माणसात आले.

दहा त्रेपन्न. पण आता राऊटर जन्मल्या दिवसाचा होता, त्याला लाइनचं नाव आणि पासवर्ड पुन्हा सांगायला हवा होता. बाबांनी वही काढून राऊटरचं पान उघडलं. लांबी होती, रुंदी होती, उंची होती. चिठ्ठी नव्हती. पानावर टाचणीची दोन भोकं होती.

टाचणी शास्त्रज्ञाच्या हातात होती.

दोघंही गुडघ्यांवर आले. शिंप्याच्या घरात जमिनीवर पडलेला कागद शोधणं म्हणजे सहा हजार चिंध्यांची चौकशी करणं. दहा पंचावन्नला चिठ्ठी शिलाई मशीनच्या पायट्याखाली सापडली. बाबा वाचायला लागले, तो टाइप करायला लागला. बाबांना आकडे एकाच पद्धतीने वाचता येतात. “सात,” ते म्हणाले, थांबले. “चार. चार. साडे—” आणि चपापून म्हणाले, “नाही, नुसतेच सहा.” पहिल्यांदा पासवर्ड चुकला. दुसऱ्यांदा बाबा चष्मा पुसून वाचायला बसले, आणि तो चष्मा आपल्याच दुकानातला आहे, नंबर आपणच तपासलाय, हे आठवून त्याला आणखी घाम फुटला.

दहा अठ्ठावन्नला आतून अनोळखी आवाज आला. एक पुरुष म्हणत होता, तुमचा आवाज स्पष्ट येतोय, सुरुवात करू या. मग ताईने गळा साफ केला. दोन मिनिटांनी बाहेरच्या पडद्यावर बँडमास्तर उगवला.

शास्त्रज्ञ भिंतीला टेकून खाली बसला. समोर टेबलाच्या कडेवरून हातभर वायरीचं टोक लोंबत होतं. ती वायर तिसऱ्या भोकातूनही काढून टाकायला हवी, हे त्याला दिसत होतं. पण चालू झालेल्या यंत्राला हात लावायची आता त्याची छाती होत नव्हती. आणि बाबांची नजर, मास्तर ट्रॉम्बोनवाल्याचा खांदा दाखवत असतानाही, पुन्हा पुन्हा त्या टोकाकडे जात होती. त्यांचा डावा हात दोनदा उचलला गेला. शेवटी शास्त्रज्ञ सरकत पुढे गेला, टोक मुठीत धरलं आणि तसाच बसून राहिला.

पंचवीस मिनिटांत बत्तीस छात्या संपल्या. काम मिळालं. मास्तरने फक्त एवढं विचारलं, की मागे जमिनीवर वायर धरून बसलेले गृहस्थ कोण आहेत. बाबांनी सांगितलं, शास्त्रज्ञ.

मास्तर पडद्यावरून गेल्यावर बाबा त्याच्या शेजारी येऊन बसले. आत ताईचा आवाज चालू होता, शब्द कळत नव्हते. मध्येच ती थांबली की दोघांचेही श्वास थांबत.

“माझ्यामुळे झालं होय रे ते सगळं?” बाबा हळूच म्हणाले.

त्याने टोक धरलेली मूठ पुढे केली. मग म्हणाला, “बाबा, ह्या टोकाचं माप घ्या.”

बाबांनी टेप काढली. मशीन चालवलं असतं तर आत आवाज गेला असता, म्हणून त्यांनी हातानेच शिवलं. ताईच्या कोटातून उरलेलं करडं कापड, आत अस्तर, बाजूला शर्टाच्या बाहीचं असतं तेवढं बटण. टोपडं टोकावर चढवून त्यांनी बटण लावलं आणि पहिल्यांदाच मान सैल सोडली. शास्त्रज्ञाने मूठ उघडली. तळहातावर वायरीचा वळ उठला होता.

पावणेबाराला ताई बाहेर आली. कोट काढला, नीट घडी घातली, मग खुर्चीवर बसली. काय झालं हे विचारायची दोघांची तयारी नव्हती, म्हणून ती आपणहूनच सांगायला लागली. शेवटचा प्रश्न असा होता, की काही वाचक पुस्तकं आपल्याच हाताने परत ठेवतात, रिकामी जागा दिसेल तिथे, आणि मग पुस्तक महिनोन् महिने सापडत नाही. अशा वाचकाचं काय कराल?

“मग काय म्हणालीस?” शास्त्रज्ञाने विचारलं.

“मी म्हटलं, त्याला ओरडून उपयोग नाही, तो मदतच करत असतो. त्याच्या हाताला दुसरं काम द्यावं.” तिने टोपडं घातलेल्या वायरीकडे पाहिलं. “दार उघडं होतं. मला सगळं ऐकू येत होतं.”

बाबा कापडाचे तुकडे गोळा करायला लागले.

“पहिल्या तारखेपासून येणार का, विचारलं,” ताई म्हणाली. “हो म्हटलं.”

दोन वाजता स्वयंपाकघरातला दिवा लागला. आई आली होती. दार उघडल्यावर तिने चपला काढायच्या आधी तिघांच्या तोंडांकडे पाहिलं आणि विचारलं, काय बिघडवलंत?

“काही नाही,” बाबा म्हणाले. “एक टोक होतं, शिवून टाकलं.”