ताडपत्रीच्या कडेला बूट

महागावजवळच्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात छताचे पत्रे बदलायचं काम धावजीच्या टोळीकडं होतं. करारात दोन अटी ठळक होत्या. रोज कामाआधी सुरक्षेचे नियम सांगायचे. आणि आवारात सुरक्षा बुटाविना टोळीचा एक जरी माणूस दिसला, की टोळी गेटबाहेर.

धावजी नियम वाचायला लागला की टोळी पेंगायची. काल सुरक्षा अधिकारी साधना मॅडमनी वेल्डर बादलला विचारलं, "उंचावर चढण्याआधी काय करायचं?"

"चहा पियाचा," बादल म्हणाला.

"उद्या परत विचारीन. असंच उत्तर आलं तर दुसरी टोळी बोलावते."

धावजी तांड्यावरच्या सप्त्यात कीर्तन करायचा. आज सकाळी त्यानं कारखान्याच्या शेडमध्ये ताडपत्री अंथरली, टाळ घेतले आणि उभा राहिला.

"डोई टोप, कमरेला पट्टा,
उंचावरती नको रे थट्टा!"

टोळीनं असं उचलून धरलं की पत्रे थरथरले.

"आयका बाप्पा! एक जावई पट्टा न लावता सासऱ्याच्या छपरावरचे फुटके कवेलू फेराले चढला. घसरला! पडला कुठी? थेट सासूच्या कढीच्या गंजात!"

हसू आवरेना कुणाला.

"वाचला काहून? कढी थंडी होती म्हून! आपल्या खाली कढी हाय का?"

"नाही!"

"मंग काय पाह्यजे?"

"पट्टा!"

"धावजीकाका!"

टाळ थांबले. मागं बसून ऐकणाऱ्या साधना मॅडम उठल्या होत्या आणि त्यांचं बोट ताडपत्रीच्या कडेकडं होतं. तिथं सगळ्या टोळीचे बूट ओळीनं लावलेले! कीर्तन म्हटल्यावर पायात काही घालून बसणार कोण? बुवा स्वतःही अनवाणी.

"अटच आहे, काका. टोळी गेटबाहेर."

धावजीचा चेहराच उतरला. तेवढ्यात पत्रे ओढून देणारी बसंतीबाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "मॅडम, तुमचे बूट कुठी हायेत वो?"

मॅडमनी खाली पाहिलं. पायात नुसते मोजे. बूट ओळीच्या टोकाला, शहाण्यासारखे जोडून ठेवलेले.

"अगं बाई! हे कधी काढले मी?"

"आल्या आल्या," बादल म्हणाला. "कढीच्या वेळेले तं तुमी टाळ्या वाजवून राह्यल्या होत्या."

मॅडमला हसू फुटलं ते थांबेचना. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "मग मीही बाहेर! चला सगळे. गेटबाहेर बुटाची अट लागत नाही. उद्यापासून कीर्तन तिथंच, कडुनिंबाखाली. आत येताना मात्र बूट घालूनच."

बूट घालायला एकच झुंबड. सगळे एकाच साच्याचे, त्यामुळं कुणाचे कुणाला! मॅडम बादलच्या बुटात फटक फटक करत गेटपर्यंत पोचल्या आणि वळल्या.

"बादल, उंचावर चढण्याआधी काय करायचं?"

"पट्टा लावाचा, दोराले अडकवाचा," बादल छाती काढून म्हणाला. "आन् खाली कढी नाही, हे ध्यानात ठेवाचं."

"लागा कामाला," मॅडम म्हणाल्या. "आणि माझे बूट कुणाच्या पायात आहेत, ते आधी बघा!"