तळ्यातली तबकडी

ऑर्लिन हाउगेनने एक्केचाळीस वर्षं शाळेची बस चालवली आणि एकदाही रस्ता चुकला नाही. ही गोष्ट त्याने स्वतःच गावात इतक्या वेळा सांगितली होती की तो तोंड उघडायच्या आत लोक मान हलवायला लागायचे. निवृत्त झाल्यावर त्याने पिकअपमागे ओढायचं एक फिरतं घर घेतलं. उन्हाळाभर नॉर्थ डकोटाच्या त्या सपाट गव्हातून निघायचं आणि मिनेसोटाच्या उत्तरेला, तळ्याकाठच्या झाडीत जाऊन बसायचं, असा बेत.

त्याची बायको व्हर्ना हिची एकच अट होती. "यायला माझी ना नाही. पण टीव्ही हवा. संध्याकाळभर तुझं तोंड बघत बसायचं म्हणशील, तर ते मी सत्तेचाळीस वर्षं बघितलंय."

"जंगलात टीव्ही कसला? झाडं बघायची."

"झाडं बोलत नाहीत."

"म्हणून तर जायचं."

हा वाद बहुधा पानगळीपर्यंत चालला असता. पण जूनच्या शेवटी गावात बातमी आली, की त्यांच्याच गावचा टॅनर मो याला मिनेसोटाच्या मोठ्या बेसबॉल संघाने बोलावलंय. येत्या गुरुवारी दुपारी एक वाजता तो पिचर म्हणून पहिला चेंडू टाकणार. हा टॅनर बारा वर्षं ऑर्लिनच्या बसमधून शाळेत गेला होता. शेवटच्या बाकावर बसून तो संत्र्याच्या सालांनी ड्रायव्हरच्या टोपीवर नेम धरायचा, आणि दर आठवड्याला शिव्या खायचा.

"त्याचा हात मीच घडवला," ऑर्लिन आता सगळ्यांना सांगू लागला. "मी ती टोपी घालायचं सोडलं असतं तर हा पोरगा आज कुठेतरी ट्रॅक्टर दुरुस्त करत बसला असता."

गुरुवारी ते तळ्यावर असणार होते. जागा जानेवारीतच राखून ठेवलेली. तेव्हा सोमवारी सकाळी दोघं टीव्हीची सोय बघायला दुकानात गेले.

दुकानातली रेने नावाची बाई समजूतदार होती. तिने दोन वस्तू समोर ठेवल्या. एक पांढरा घुमट, उलट्या घमेल्यासारखा. हा गाडीच्या टपावर बसवायचा, आत बटण दाबायचं, की तो आपला आपण फिरून उपग्रह शोधतो. दुसरी साधी तबकडी, तीन पायांच्या तिवईवर.

"घुमटात अडचण काय?" व्हर्नाने विचारलं.

"गाडी झाडाखाली लावलीत की तो आंधळा. त्याला दक्षिणेकडचं उघडं आभाळ लागतं. म्हणजे तुम्हाला उन्हात राहावं लागेल."

"आणि ही?"

"ही उचलून कुठेही नेता येते. गाडी सावलीत, तबकडी उन्हात. पण मिसेस हाउगेन, ही हाताने रोखावी लागते. दिशा, उंची, कलणं, सगळं. बोटभर हलली की चित्र गेलं."

"घुमट," व्हर्ना म्हणाली.

"तिवई," ऑर्लिन त्याच क्षणी म्हणाला.

"तुझ्याच्याने होईल का ते?"

"व्हर्ना, एक्केचाळीस वर्षं मी—"

"रस्ता चुकला नाहीस. माहितीये. पण उपग्रह काही रस्त्याच्या कडेला दप्तर घेऊन उभा राहत नाही."

रेने हसू लपवायला उगाच कपाटात काहीतरी शोधू लागली. ऑर्लिनने तिवई घेतली, कारण आता न घेणं शक्यच नव्हतं. घरच्या अंगणात त्याने तीन तास घालून ती लावलीही. एवढंच, की त्यांच्या अंगणापासून क्षितिजापर्यंत दक्षिणेला एकसुद्धा झाड नव्हतं, हे त्याच्या लक्षात आलं नाही. व्हर्नाच्या आलं, पण तिने ते मनातच ठेवलं.

लाँगफिश तळ्यावरची त्यांची जागा सुरेख होती. गार, दाट, डोक्यावर उंच पाइन. दक्षिणेलाही पाइन. बुधवारी ऑर्लिन तबकडी घेऊन त्या जागेच्या चारी कोपऱ्यांत फिरला. हातात सिग्नल मिळाला की शिट्टी मारणारं एक चिमुकलं यंत्र होतं. ते दिवसभर मुकं राहिलं.

"आलं का काही?" तो बाहेरून ओरडायचा.

"नाही!" व्हर्ना खिडकीतून ओरडायची.

"आता?"

"नाही!"

संध्याकाळपर्यंत शेजारपाजारची सगळी माणसं चालता चालता एकमेकांना "आता?" आणि "नाही!" म्हणू लागली होती.

शेजारच्या जागेत डेल्मर स्टब राहत होता. निवृत्त दंतवैद्य, एकटा, आणि गाडी म्हणाल तर ऑर्लिनच्या बसपेक्षा लांब. तिच्या टपावर पांढराशुभ्र घुमट होता. तो दोन दिवसांपासून गुरगुरत गोल फिरत होता, थांबत होता, आणि पुन्हा फिरत होता.

"सापडलं का तुमच्या यंत्राला काही?" ऑर्लिनने कुंपणाशी जाऊन विचारलं.

"शोधतंय," डेल्मर शांतपणे म्हणाला. "हुशार यंत्र आहे. पूर्ण तपासणी केल्याशिवाय निदान करत नाही."

"दोन दिवस?"

"तुमची तबकडी मी बघितली. ती तर अजून वेटिंग रूममध्येच आहे."

गुरुवारी सकाळी व्हर्नाने सरळ सुचवलं, "वीस मैलांवर गावात खानावळ आहे. तिथे टीव्ही आहे, पंखा आहे, तळलेला मासा आहे. जाऊ या."

"मी ही वस्तू विकत घेतली ती खानावळीत जाण्यासाठी?"

"नाही. ती तू मला दाखवण्यासाठी घेतलीस. मी बघितली. चल आता."

ऑर्लिन ऐकेना. मोबाइलला त्या झाडीत रेंज नव्हती, आणि रेडिओवर एक पाद्री सोडून काही लागत नव्हतं. तो तबकडी खांद्यावर टाकून पाण्याकडे उतरला आणि लाकडी धक्क्याच्या टोकाशी गेला. तिथून दक्षिणेला सबंध तळं पसरलेलं, आणि वर मोकळं आभाळ. यंत्राने कर्कश शिट्टी मारली. ऑर्लिनने आयुष्यात इतका गोड आवाज ऐकला नव्हता.

पण केबल निम्म्या वाटेतच संपली.

साडेबारा वाजले होते. ऑर्लिन धापा टाकत डेल्मरच्या दाराशी गेला. मागायचं म्हणजे जिवावर आलं होतं. "तुमच्याकडे जादा केबल असेल का?"

डेल्मरने एकदा आपल्या गुरगुरणाऱ्या घुमटाकडे बघितलं. "आहे. पण मॅच मीही बघणार. आणि सोफ्यावर बसून."

"बसा."

केबल जोडली. आत चित्र आलं, व्हर्ना आनंदाने ओरडली, आणि तेवढ्यात तळ्यातून एक मोटारबोट गेली. धक्का तरंगता होता. लाटांबरोबर तो डुलला, तबकडी डुलली आणि टॅनर मोचा पूर्ण संघ चौकोनी तुकडे होऊन विरून गेला.

ऑर्लिनने दोनदा तिवई धक्क्याला बांधली. दोनदा बोट गेली. एक वाजायला चार मिनिटं असताना त्याने बूट काढले, तिवई उचलली आणि सरळ पाण्यात उतरला. कमरेइतक्या पाण्यात, वाळूत तिचे पाय रुतवले. वरचं तबकडीचं डोकं वाऱ्याने हलत होतं, म्हणून ते दोन्ही हातांनी मिठीत धरलं.

"आता?"

"आहे! स्वच्छ! हलू नकोस! श्वासही बेताने घे!"

तो हलला नाही. "मधे येऊन मी धरतो, तुम्हाला सुटका देतो," डेल्मरने खिडकीतून आश्वासन दिलं. मॅच सुरू झाली. वरच्या झाडीतून, उघड्या खिडकीतून त्याला गर्दीचा आवाज तेवढा येत होता. शेजारच्या आणखी चार बायका आपापल्या खुर्च्या घेऊन व्हर्नाकडे जमल्या होत्या.

"व्हर्ना! काय झालं?"

"पहिल्याच बॅटरच्या कोपरावर मारला!"

"टोपीवर नेम धर म्हणावं!" ऑर्लिन तळ्यातून ओरडला.

मग टॅनर सावरला. एकामागून एक बॅटर चुकू लागले. आतून आरोळ्या येत होत्या, टाळ्या येत होत्या, आणि व्हर्ना प्रत्येक वेळी सांगायला विसरत होती. ऑर्लिनच्या पोटरीला काहीतरी चिकटल्यासारखं वाटलं. मग मांडीला. त्याने खाली बघितलं. जळवा. तीन काळ्या, लवलवत्या. आणि हात सोडायची सोय नाही.

"डेल्मर! म्हणालात ना, मधे मला सुटका देतो म्हणून?"

"या डावानंतर!" आतून डेल्मरचा आवाज आला.

हे उत्तर त्याने पहिल्या डावानंतर दिलं, दुसऱ्यानंतर दिलं आणि तिसऱ्यानंतर तर दिलंच नाही. एक वृद्ध मच्छीमार होडी वल्हवत जवळून गेला. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पांढऱ्या तबकडीला कवटाळलेल्या त्या माणसाकडे त्याने बराच वेळ बघितलं.

"काही लागतंय का गळाला?" त्याने अदबीने विचारलं.

"बेसबॉल," ऑर्लिन म्हणाला.

मच्छीमाराने टोपीला हात लावला आणि जरा जोरात वल्ही मारली.

सहावा डाव सुरू व्हायच्या आत व्हर्ना स्वतः दाराशी आली आणि मागे वळून म्हणाली, "डॉक्टर, आता उठा. त्या पोराला बारा वर्षं शाळेत नेलं ते माझ्या नवऱ्याने. तुम्ही नाही."

डेल्मर उठला. पँट दुमडत, कुरकुरत पाण्यात उतरला आणि ऑर्लिनच्या दोन्ही हातांमधून तबकडी अशी घेतली की जणू तान्हं मूल. "अरे, किती थंड आहे हे! जा, पळा. आणि हो, हा त्याचा शेवटचा डाव दिसतोय."

ऑर्लिन ओला, अनवाणी, पायाला तीन जळवा घेऊन पळाला. दार गाठलं. बायकांनी वाट करून दिली. पडद्यावर टॅनर मो उभा होता. तोच लांबुडका चेहरा. त्याने हात मागे घेतला, गुडघा उचलला...

तळ्याकडून एक किंकाळी आली. "माझ्या पायाला काहीतरी चावलं!"

आणि चित्र जागच्या जागी थिजलं. टॅनर मो एका पायावर, हात मागे, तोंड अर्धं उघडं. एक मिनिट तसाच. मग पडदा निळा झाला.

ऑर्लिन त्या निळ्या पडद्याकडे बघत राहिला. मग खुर्चीत बसला आणि म्हणाला, "हात चांगला मागे नेतो."

डेल्मर आला तेव्हा त्याच्या पोटरीवर एकच जळू होती, पण आरडाओरडा सहांचा होता. व्हर्नाने दोघांना बाकावर बसवलं, मिठाने जळवा सोडवल्या, आणि तबकडी पाण्यातून काढायला स्वतः गेली. ती तळ्याच्या तळाशी तोंड वर करून पडली होती.

रात्रीच्या जेवणाला तिने वॉलाय मासा तळला. डेल्मरही होता, कारण त्याला जा म्हणायची कोणाला हिंमत झाली नाही आणि त्यालाही जायचं नव्हतं. माशाबरोबरच्या उकडलेल्या बटाट्यांतला एक उचलून व्हर्ना उभी राहिली.

"बघ, चौथ्या डावात असं झालं. दोन गडी बेसवर. त्याने टोपी खाली ओढली. अशी. मग इकडे बघितलं—"

"तिकडे," डेल्मर म्हणाला.

"इकडे. मी खिडकीपाशी बसले होते. आणि मग हात मागे..." बटाटा सिंकवर आपटला. "तिसरा स्ट्राइक, बाद! गडी जागच्या जागी उभा! पंचाकडे बघतोय, पंच ढुंकून बघत नाही!"

ऑर्लिनने काटा खाली ठेवला होता. मासा निवत होता. व्हर्नाने पाचही डाव सांगितले. चुकून एक डाव दोनदा सांगितला, आणि एका बॅटरला डाव्या हाताचा केलं, त्यावरून तिचं आणि डेल्मरचं भांडण झालं. शेवटी संघ दोन धावांनी जिंकला होता, हे तिला शेजारच्या एका बाईकडून कळलं होतं. ती बाई वीस मैलांवरच्या खानावळीत जाऊन आली होती.

डेल्मर खुर्चीतच पेंगायला लागला. बाहेर त्याचा घुमट अजून गुरगुरत फिरत होता.

"व्हर्ना," ऑर्लिन म्हणाला, "ते चौथ्या डावातलं परत सांग. बटाटा दुसरा घे."